लाल नॉबला घाबरू नका: मिक्श्चर लीन कसं करायचं आणि इंजिन मॉनिटर कसा वाचायचा

बहुतेक नवीन पायलट लोकांना मिक्श्चरबद्दल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबद्दल, दोनच गोष्टी पक्क्या माहीत असतात, इंजिन चालू करताना नॉब पुढे आणि बंद करताना पूर्ण मागे. मधल्या वेळात त्या लाल नॉबला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की लीन केलं, म्हणजे मिश्रणातलं पेट्रोल कमी केलं, की इंजिन जळतं. हे अर्धवट खरं आहे आणि त्यामुळेच त्रासदायक आहे. चुकीच्या पॉवरला चुकीच्या जागी लीन केलं तर सिलिंडर तापतात हे खरंय, पण कायम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवल्याने इंजिन सुरक्षित राहतं हे खरं नाही, प्लग खराब होतात, व्हॉल्व्हवर शिशाचा थर साचतो, इंधन वाया जातं आणि उंचावर पॉवरसुद्धा कमी मिळते. म्हणून खाली जमिनीपासून ते इंजिन बंद करेपर्यंत क्रमाने लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, तुमच्या विमानाचं पीओएच, म्हणजे उत्पादकाचं पायलट हँडबुक, या लेखापेक्षा मोठं आहे, तिथे वेगळं लिहिलं असेल तर तेच करायचं.

आधी दोन मिनिटं कारण समजून घ्या

इंजिनला हवा आणि पेट्रोल वजनाच्या हिशोबात लागतं. साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल असलं की दोन्ही पूर्ण जळतात, मागे ना हवा उरते ना पेट्रोल. समुद्रसपाटीला फुल रिच म्हणजे यापेक्षा मुद्दाम बरंच जास्त पेट्रोल, कारण टेकऑफच्या पूर्ण पॉवरला ते जास्तीचं पेट्रोल जळण्याचा वेग कमी करतं, सिलिंडरमधलं सगळ्यात जास्त प्रेशर थोडं उशिरा येतं आणि इंजिन थंड राहतं. आता वर जा. स्टँडर्ड दिवशी ५,००० फुटांवर हवेची घनता खालच्या ८६ टक्के राहते, १०,००० फुटांवर ७४ टक्के. हवा कमी झाली पण साधा कार्ब्युरेटर किंवा साधी इंजेक्शन सिस्टीम पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणजे आधीच रिच असलेलं मिश्रण आणखी रिच होत जातं. ते हाताने परत जागेवर आणणं म्हणजे लीनिंग, त्यात गूढ काही नाही. (रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनात कार्ब्युरेटर हे स्वतःच बऱ्यापैकी सांभाळतो आणि तिथे लाल नॉबच नसतो, त्यांच्यासाठी पुढचा फक्त मॉनिटरचा भाग कामाचा.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, हा क्रम तोंडपाठ करा. फुल रिचपासून हळूहळू लीन करत गेलात की ईजीटी म्हणजे एक्झॉस्टचं तापमान वाढायला लागतं, सीएचटी म्हणजे सिलिंडर हेडचं तापमानही वाढतं आणि पॉवर किंचित वाढते. ईजीटी आपल्या शिखरापासून, म्हणजे पीकपासून, साधारण १०० डिग्री फॅरनहाइट खाली असताना सगळ्यात जास्त पॉवर मिळते. पुढे गेलात की पीकच्या ४०-५० डिग्री अलीकडे सीएचटी आणि सिलिंडरमधलं प्रेशर दोन्ही सगळ्यात वर असतात. मग ईजीटीचा पीक येतो. त्याच्या पलीकडे गेलात की ईजीटी, सीएचटी, पॉवर तिन्ही उतरतात, कारण आता पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पीकच्या रिच बाजूला आरओपी म्हणायचं, लीन बाजूला एलओपी.

नीट बघितलं तर इथे एक भारी गोष्ट दिसते. इंजिनला सगळ्यात कठीण जागा पीक नाही आणि लीन बाजूही नाही, ती जागा पीकच्या थोडी अलीकडे, रिच बाजूला ४०-५० डिग्रीवर आहे. कित्येक जण घाबरत घाबरत थोडंसंच लीन करतात आणि नेमकं तिथेच नेऊन ठेवतात.

जमिनीवर

इंजिन चालू झालं, ऑइल प्रेशर आलं, आरपीएम १,००० ते १,२०० ला बसवलं की लगेच लीन करा, आणि भरपूर करा. नॉब मागे घेत जा, आरपीएम किंचित चढेल आणि मग पडायला लागेल, तिथेच थांबा. इतकं लीन ठेवायचं की थ्रॉटल पुढे ढकललं तर इंजिन अडखळलं पाहिजे. कारण अर्धवट लीन ठेवलं आणि तसंच विसरून टेकऑफला निघालात तर पूर्ण पॉवरला इंजिन त्या वाईट जागेवर चालेल, पण खूप लीन असेल तर ते पॉवर घेणारच नाही आणि तुम्हाला रनवेच्या सुरुवातीलाच कळेल. आयडलच्या कमी पॉवरला लीन करून इंजिनला इजा करणं शक्यच नाही, ही भीती मनातून काढून टाका.

हे का करायचं, तर १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं आणि ते बाहेर काढायला पेट्रोलमध्येच एक रसायन मिसळलेलं असतं, पण ते रसायन काम करायला प्लगचं टोक पुरेसं गरम लागतं. रिच आयडलला ते गरम होत नाही आणि शिशाचे बारीक मणी प्लगमध्ये साचतात, मग रन-अपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीला, मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणा) चेक करताना इंजिन थरथरतं.

रन-अप

इथे मॉनिटर (प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी आणि सीएचटी दाखवणारा स्क्रीन) असेल तर आरपीएमच्या ड्रॉपबरोबर ईजीटीचे बार पण बघा, खरी माहिती तिथेच आहे. एका मॅग्नेटोवर गेलात की प्रत्येक सिलिंडरमध्ये एकच प्लग ठिणगी देतो, जळायला जास्त वेळ लागतो आणि सगळे ईजीटी वर गेले पाहिजेत. सगळे वर गेले तर उत्तम. एखादा बार वर जायच्या ऐवजी खाली पडला तर त्या सिलिंडरचा त्या मॅग्नेटोवरचा प्लग चालत नाहीये, आणि तुम्हाला सिलिंडर नंबरसकट कळलं, मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचला. प्लगमध्ये नुसतं शिसं अडकलं असेल तर १,८००-२,००० आरपीएमला लीन करून मिनिटभर चालवा आणि परत चेक करा, बऱ्याचदा साफ होतं. नाही झालं तर परत पार्किंगला, उडायचं नाही.

टेकऑफ आणि क्लाइंब

समुद्रसपाटीजवळच्या रनवेवरून फुल रिच, यात काही डोकं लावू नका. रनवे उंचावर असेल किंवा दिवस खूप गरम असेल तर मात्र फुल रिचला पॉवर कमी मिळते. सेसना १७२एस च्या पीओएचमध्ये ३,००० फुटांपेक्षा उंच धावपट्टीवरून टेकऑफच्या आधी पूर्ण थ्रॉटलला जास्तीत जास्त आरपीएम मिळेल एवढं लीन करा असं स्पष्ट दिलंय. टर्बोचार्ज्ड इंजिनचं वेगळं, तिथे टर्बो हवा पुरवत असतो म्हणून टेकऑफला फुल रिचच, उंची कितीही असो.

क्लाइंबमध्ये एक सोपी पद्धत मला सगळ्यात आवडते. समुद्रसपाटीजवळून फुल रिच, फुल थ्रॉटल टेकऑफ करताना एका सिलिंडरचा ईजीटी बघून ठेवा, बहुतेक विमानांत तो १,२०० ते १,३०० डिग्री फॅरनहाइटच्या आसपास दिसतो. वर जाताना मिश्रण रिच होत जाईल तसा तो आकडा पडत जाईल. दर हजार-दोन हजार फुटांनी नॉब थोडा मागे घेऊन तो परत त्याच आकड्यावर आणा. म्हणजे खाली जेवढं रिच होतं तेवढंच वरही राहतं, ना जास्त ना कमी. फक्त नॉर्मली ॲस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाला हं.

क्लाइंबमध्ये डोळा सीएचटीवर. लायकॉमिंगच्या बहुतेक इंजिनांची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, ५०० डिग्री फॅरनहाइट आणि कॉन्टिनेन्टलच्या बऱ्याच इंजिनांची ४६०, पण लाल रेघ म्हणजे राहायची जागा नाही. ४०० च्या वर ॲल्युमिनियमच्या हेडची ताकद भराभर घटते, म्हणून मॉनिटरचा अलार्म लायकॉमिंगला ४०० आणि कॉन्टिनेन्टलला ३८० च्या जवळपास लावा, आणि अलार्म वाजायच्या आधीच हालचाल करा: नाक थोडं खाली करून स्पीड वाढवा, काउल फ्लॅप (इंजिन थंड करणाऱ्या हवेची झडप) असतील तर उघडा, मिक्श्चर थोडं रिच करा. तरीही उतरत नसेल तर पॉवर कमी.

क्रूझ, आधी मॉनिटर नसेल तर

लेव्हल झालात, पॉवर ठरवली, दोन मिनिटं थांबा, तापमानं स्थिर होऊ द्या. पॉवर ७५ टक्क्यांच्या वर असेल तर लीन करायचं नाही. बिनटर्बोच्या इंजिनाला साधारण ८,००० फुटांच्या वर पूर्ण थ्रॉटललाही ७५ टक्के निघत नाहीत, त्यामुळे तिथे चिंता कमी होते. नॉब सावकाश मागे घ्या. फिक्स्ड पिच प्रॉप (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा) असेल तर आरपीएम थोडं वाढेल, जास्तीत जास्त होईल, मग पडायला लागेल आणि इंजिन किंचित खरखरीत वाटेल. तिथून नॉब थोडा पुढे, इंजिन गुळगुळीत होईपर्यंत, आणि अजून जरासा. झालं. उंची बदलली, पॉवर बदलली, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) लावली, की परत करायचं. कार्ब हीटने गरम म्हणजे विरळ हवा आत जाते, मिश्रण रिच होतं, हे बरेच जण विसरतात.

क्रूझ, मॉनिटर असेल तर

आता मजा आहे. पहिल्यांदा एक सवय मोडा, ईजीटीचा आकडा बघून काळजी करायची. १,४५० जास्त की १,३८० जास्त हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण प्रोब एक्झॉस्ट पाइपमध्ये कुठे बसवलाय यावर तो आकडा बदलतो, आणि शेजारच्या सिलिंडरशी तुलना करून काहीही निष्पन्न होत नाही. ईजीटीमध्ये फक्त एकच बघायचं, तो त्या सिलिंडरच्या स्वतःच्या पीकपासून किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला. सीएचटीचं उलट, तिथे आकडाच महत्त्वाचा.

मॉनिटरमध्ये लीन फाइंड किंवा लीन असिस्ट मोड असतो तो लावा आणि नॉब सावकाश मागे घ्या, घाई केली तर मॉनिटरला पीक पकडता येत नाही. आरओपीला चालवायचं असेल तर सगळ्यात आधी जो सिलिंडर पीक होतो तो तुमचा सगळ्यात लीन सिलिंडर, मोजणी त्याच्यापासून, आणि तिथून परत रिच करत १०० डिग्री किंवा जास्त मागे या. एलओपीला चालवायचं असेल तर उलट, सगळ्यात शेवटी पीक होणारा म्हणजे सगळ्यात रिच सिलिंडर धरायचा, तो पीकच्या १०-२० डिग्री पलीकडे गेला म्हणजे बाकीचे सगळे आपोआप त्याच्याही पलीकडे असतात. हे दोन उलटसुलट करू नका, सगळी गडबड इथेच होते.

किती लांब राहायचं? अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एडा गावच्या ॲडव्हान्स्ड पायलट सेमिनार्सच्या लोकांनी यासाठी 'रेड बॉक्स' ही कल्पना मांडली, म्हणजे पॉवरनुसार टाळायचा पट्टा. साधारण ६० टक्के पॉवर किंवा कमी असेल तर पट्टाच नाही, जिथे इंजिन छान चालेल तिथे ठेवा. ६५ टक्क्यांना १०० आरओपीपासून पीकपर्यंतचा भाग टाळा. ७५ टक्क्यांना तो पट्टा मोठा होतो, १८० आरओपीपासून ४० एलओपीपर्यंत. लायकॉमिंग स्वतः ७५ टक्के किंवा खाली पीकपर्यंत लीन करायला परवानगी देतं, म्हणजे हे आकडे त्याहून सावध आहेत. माझं मत विचाराल तर नवीन असताना ६५ टक्के किंवा कमी पॉवरलाच लीनिंग शिका, तिथे नॉब थोडा इकडेतिकडे गेला तरी इंजिन माफ करतं, हात बसला की मग वर जा.

एलओपीचा एक मोठा फायदा म्हणजे पॉवर सरळ इंधनावरून कळते. लीन बाजूला हवा जास्तच असते, म्हणून जेवढं पेट्रोल तेवढी पॉवर. ८.५:१ कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनाला तासाला जेवढे अमेरिकन गॅलन जातात त्याला १४.९ ने गुणा, हॉर्सपॉवर मिळाली. १८० हॉर्सपॉवरच्या आयओ-३६० ला एलओपीमध्ये ८ गॅलन जात असतील तर साधारण ११९ हॉर्सपॉवर, म्हणजे ६६ टक्के. आरओपीला हे गणित लागू नाही, तिथे जास्तीचं पेट्रोल नुसतंच बाहेर जातं. शिवाय एलओपीला एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड फारच कमी असतो, केबिन हीटरच्या पाइपला कधी चीर गेली तर हा फरक जीवाशी निगडित आहे.

पण प्रत्येक इंजिन एलओपीला नीट चालत नाही. सगळ्या सिलिंडरना सारखं पेट्रोल मिळत नसेल तर एक अजून पीकवर आणि दुसरा पार पलीकडे, म्हणून थरथर. त्यासाठी एक टेस्ट करा: ६५ टक्क्यांना सावकाश लीन करत प्रत्येक सिलिंडर पीक झाला तेव्हा फ्युएल फ्लो किती होता ते लिहा. पहिला आणि शेवटचा यांच्यातला फरक तासाला ०.५ गॅलनच्या आत असेल तर छान. एक गॅलनच्या वर असेल तर इंजेक्टर बघायला हवेत. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांत, खासकरून सेसना १८२ मधल्या ओ-४७० मध्ये, वाटप मुळातच असमान असतं, तिथे थोडी कार्ब हीट किंवा थ्रॉटल पूर्ण उघडं न ठेवता अगदी किंचित मागे घेतलं तर फरक पडतो, नाहीतर आरओपीलाच राहा, काही बिघडत नाही.

आणि हे काही नवीन फॅड नाही. १९४४ मध्ये पॅसिफिकमध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने पी-३८ या लढाऊ विमानाच्या पायलटांना कमी आरपीएम, जास्त मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) आणि लीन मिक्श्चरवर उडायला शिकवलं, त्यांना वाटत होतं इंजिनं खलास होतील, उलट त्यांचा पल्ला खूप वाढला. पुढे १९५० च्या दशकात पिस्टन एअरलाइनर्सचे फ्लाइट इंजिनियर डीसी-७ आणि कॉन्स्टेलेशनमध्ये रोज एलओपीला उडत होते.

मॉनिटर काय सांगतोय ते ओळखा

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे ईजीटी आणि सीएचटी जोडीने वाचायचे. उडताना एका सिलिंडरचा ईजीटी ५०-१०० डिग्री वर गेला आणि सीएचटी थोडा खाली आला तर एक प्लग गेलाय, दुसऱ्यावर चालू आहे, आणीबाणी नाही पण उतरल्यावर बघा. आरओपीला एकाच सिलिंडरचा ईजीटी आणि सीएचटी दोन्ही वर जात असतील तर इंजेक्टर अर्धवट तुंबलाय, तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा लीन झालाय. हेच टेकऑफला झालं तर गंभीर आहे. इनटेक पाइपला गळती असेल तर त्या सिलिंडरचा ईजीटी कमी मॅनिफोल्ड प्रेशरला वेगळा दिसतो आणि फुल थ्रॉटलला फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तेव्हा आतबाहेर प्रेशर सारखंच असतं. एखाद्या सिलिंडरचा ईजीटी मिनिटाला साधारण एकदा, ३०-५० डिग्री, संथपणे वरखाली झुलत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागल्याची शंका घ्या आणि बोरस्कोपने (बारीक कॅमेऱ्याने) आत बघायला सांगा. हे स्क्रीनवर सहज दिसत नाही, डेटा उतरवून ग्राफ काढला की दिसतं.

आणि एक नमुना असा की तिथे विचार करत बसायचं नाही. एखाद्या सिलिंडरचा सीएचटी भराभर चढतोय, मिनिटाला कित्येक डिग्री, थांबतच नाही, आणि त्याच वेळी ईजीटी खाली येतोय. हे डेटोनेशन (मिश्रण शांतपणे जळायच्या ऐवजी स्फोटासारखं जळणं) किंवा प्री-इग्निशन (ठिणगीआधीच पेटणं). ताबडतोब थ्रॉटल मागे, मिक्श्चर फुल रिच, काउल फ्लॅप उघडे, नाक खाली, आणि जवळच्या रनवेकडे. प्री-इग्निशन पिस्टनला काही मिनिटांत भोक पाडू शकतं, म्हणून सीएचटीचा अलार्म लावून ठेवणं हा मॉनिटरचा सगळ्यात मोठा उपयोग आहे असं मी मानतो, पेट्रोलची बचत त्यानंतर.

डिसेंट आणि शेवट

खाली येताना हवा दाट होते, मिश्रण लीन होत जातं, म्हणून थोडं थोडं रिच करत या, पण टॉप ऑफ डिसेंटलाच, म्हणजे उतरायला सुरुवात करतानाच, नॉब एकदम पूर्ण पुढे ढकलू नका, थंड इंजिन आणि भरपूर पेट्रोल हे प्लगना आवडत नाही. ईजीटी क्रूझच्या आसपास ठेवत पॉवर टप्प्याटप्प्याने कमी करा. लँडिंगच्या आधी चेकलिस्टप्रमाणे रिच, कारण गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं) करावं लागलं तर पूर्ण पॉवर लागेल आणि तेव्हा लाल नॉब आठवायला वेळ नसतो. रनवे उंचावर असेल तर फुल रिच नाही, त्या उंचीच्या टेकऑफला जेवढं ठेवाल तेवढं.

रनवे सोडला की परत जमिनीवरचं लीनिंग. पार्किंगला नॉब पूर्ण मागे ओढताना आरपीएमवर नजर ठेवा, इंजिन मरायच्या आधी २५ ते ५० आरपीएमने वर उचललं पाहिजे. उचललंच नाही तर आयडल मिक्श्चर आधीच लीन आहे, ५० च्या वर गेलं तर जास्त रिच. मेकॅनिकला हा आकडा लिहून द्या, आणि मॉनिटरचा डेटा कार्डवर उतरवून घ्या, पुढच्या वेळी तुलना करायला तुमच्याच इंजिनाचा जुना ग्राफ लागतो.